चरबीचं बोलणं

शिरूर,
६ नोव्हेंबर २०२४

भागुआत्या,

जयभीम. तुझे कान गेल्यापासून आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे मी विचारायचं, "जेवलीस का?" आणि तू सांगायचं, "न्हाई गं, अजून ऊस तुटला न्हाई." म्हणून आता पत्र. इतकी वर्षं अंगणवाडीत रजिस्टरं लिहिलीस, तुझं अक्षर माझ्याहून चांगलं आहे. तेव्हा उत्तर यायलाच पाहिजे, सबब चालणार नाही.

सांगण्यासारखं म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पुण्याहून एक अभ्यास आलाय. अनुपमा मॅडम म्हणून डॉक्टर आहेत, त्या तो बघतात. शुगर एकदम बिघडून कुणी तातडीत आलं, की त्याला किंवा घरच्यांना विचारून रक्ताची एक जादा नळी घ्यायची. ती मशीनमध्ये गरागरा फिरवायची आणि वर आलेलं पिवळं पाणी गोठवून पुण्याला पाठवायचं. माणूस बरा झाला की परत एक नळी. दोन्हींत फरक काय, एवढंच शोधायचं.

आणि शोधायचं कशात, तर चरबीत! मला वाटायचं चरबी म्हणजे अंगातली कणगी, जास्तीचं धान्य ओतून ठेवायची जागा. मॅडम म्हणाल्या, छे, चरबी बोलते. चरबीतून रक्तात हार्मोन सुटतात. एक मेंदूला जाऊन सांगतो, बास कर, पोट भरलंय. एक इन्शुलिनच्या हाताखाली काम करतो. काही नुसतेच आगलावे, अंगात जळजळ वाढवणारे. शुगरची तातडी येते तेव्हा यातलं कोण ओरडतं आणि कोण गप्प बसतं, ते बघायचंय.

दुसरं बघायचंय ते गंजाचं. मॅडमचा शब्द ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, गंज हा माझा. अंगात साखर जाळून ताकद काढताना ठिणग्या उडतात म्हणे. त्या विझवायची सोयही अंगातच असते. शुगर फार चढली की ठिणग्या वाढतात, विझवणारं कमी पडतं, आणि पेशी आतून गंजायला लागतात. आत्या, मला तर नळी हातात घेतली की आता तिच्याशी गप्पा माराव्याशा वाटतात. तुला काय वाटतं ते लिही.

तुझी भाची,
राजश्री


राहू,
१४ नोव्हेंबर

राजी,

जयभीम. तुझं पत्र आमच्या ह्यांनी, तुझ्या पोपटमामांनी, हौसेनं मोठ्यानं वाचलं. मोठ्यानं म्हंजी मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं, त्यामुळं आळीनं पण ऐकलं. शेजारच्या कस्तुराबाई तर भाकरी टाकायची सोडून आल्या.

चरबी बोलती हे शोधायला पुण्याची मॅडम कशाला पायजे गं? आमच्या ग्रामपंचायतीत येऊन बस एक दिवस. एकेकाची चरबी अशी बोलती की बाकीच्यांची वाचा बंद.

पर मला खरंच इचारायचंय. जाड माणसाची चरबी जास्ती बोलत आसंल, तर वाळक्याची मुकी आसती का? ती 'पोट भरलं' म्हणणारी जाड माणसाला का सांगत न्हाई मग? सांगती आन् ते ऐकत न्हाईत, आसं हाय का? गंजाचं मातर मला लगी पटलं. तवा धुऊन तसाच ठेवला की गंजतो, तेलाचं बोट फिरवलं की टिकतो. अंगाला आतनं तेलाचं बोट लावणारी भाजी कंची, ते इचार मॅडमला.

आता आनंदाची गोष्ट. आमच्या सम्राटचं, तुझ्या आत्येभावाचं जमलं! खुटबावची पोरगी, स्वप्नाली. पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसती, सरळ डोळ्यात बघून बोलती, मला तेच आवडलं. १५ डिसेंबरला पौर्णिमा हाय, त्या दिवशी आमच्याच विहारात साखरपुडा. वंदना घ्यायला तुझे मामाच.

एकच घोर हाय. पोरगं वाळत चाललंय. शनवारी रांजणगावच्या कंपनीतनं येतं, बसल्या बैठकीला सात भाकरी खातं, आन् अंगाला काय लागत न्हाई. पँट सुतळीनं बांधायची पाळी आलीय. रूमवरचं खाणं, दुसरं काय! लगीन झालं की येईल अंगावर मूठभर मांस.

तुझी आत्या


शिरूर,
२१ नोव्हेंबर

आत्या,

अगं, तू मॅडमचाच प्रश्न विचारलास. जाड माणसाची चरबी बोलते, पण रोज तेच ऐकून मेंदू कानाडोळा करतो. वाळक्याचीही बोलते, पण चरबी आटली की आवाज बारीक होतो, आणि मग 'पोट भरलं' हे सांगायला कुणी उरत नाही. भाजीचं विचारलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, सगळ्याच पालेभाज्या खा म्हणावं, पण एक बोट लावून गंज जाईल असं औषध अजून निघालं नाही.

सम्राटचं ऐकून नाचले मी! पण एक विचारते, रागावू नको. तो पाणी फार पितो का? रात्री लघवीला सारखा उठतो का? खातो आणि तरी वाळतो, हे मला आवडलं नाही. इथं पाठव एकदा. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, चहा होईपर्यंत कळतं.

१५ तारखेला मला ड्यूटी लागलीय, येता येणार नाही. फोटो पाठवायला कस्तुराबाईंच्या पप्पूला सांग.

राजश्री


राहू,
२९ नोव्हेंबर

राजी,

तुझी अक्कल कुठं चरायला गेली व्हती? मामा मोठ्यानं वाचत व्हते आन् कस्तुराबाई समोर बसलेल्या. 'लघवी' शब्द आला तवा मी आशी खोकले की मामा पाणी आणायला उठले.

साखर हा म्हाताऱ्यांचा रोग, न्हाईतर तुझ्या त्या बोलक्या चरबीवाल्यांचा. पंचविशीतल्या काटकुळ्या पोराला कुठली साखर? तहानेचं म्हणशील तर कंपनीत त्याचं काम भट्टीपाशी. तिथं कुणीबी घागर रिकामी करील. लगीन ठरलेल्या पोराचं आसलं काही कागदावर घालू नगस बाय. खुटबाव हाकेवर हाय. आज हितं शिंकलं की उद्या तिथं सर्दी.

साखरपुडा होऊ दे. मग मीच त्याला घेऊन येते, टोच तुझी सुई.

आत्या


राहू,
१६ डिसेंबर, सकाळी

राजी,

हे पत्र घेऊन येणारा तुझा भाऊ हाय. त्याला पाणीसुद्धा इचारू नगस.

काल विहारात तोंडाला काळं फासलं त्यानं आमच्या. मामा एकेक शील म्हणत व्हते, मागनं समदी मंडळी. पाचव्याला, दारू न पिण्याच्या शीलाला, ह्याची जीभ अडकली. अंग झोकांड्या खायला लागलं. शेजारी स्वप्नालीचा चुलता उभा. त्यानं नाक पुढं केलं आन् भर विहारात बोलला, "पावणं, तुमचं पोरगं पिऊन शील घेतंय." आन् तेवढ्यात ह्यानं बाहेर पळत जाऊन वांती केली. मंडळी उठली. साखरेचा पुडा उघडलासुद्धा न्हाई, तसाच परत गेला. तुझे मामा कालपास्नं भिंतीकडं तोंड करून बसल्यात.

मी घेतला ना वास. आपल्या गावातली दारू मला ठाऊक हाय, ती ही न्हवं. पिकल्या पेरूगत वास, गोडसर, त्यात जरा नेलपॉलिशचा. कुठली तरी भारीतली इंग्लिश आसंल. वर शपथा घेतोय, थेंब घेतला न्हाई म्हणून. रातभर नुसतं पाणी पाणी. उतरावी म्हणून बापूसाहेबांच्या गुऱ्हाळावरनं रस आणून तांब्याच्या तांब्या पाजला, तरी सकाळी धापा टाकतोय, जसा काय डोंगर चढून आलाय.

मी त्याच्याशी बोलत न्हाई. पप्पू त्याला गाडीवर रांजणगावला सोडतोय, वाट वाकडी करून आधी तुझ्याकडं आणील. तुझं ऐकतो तो. चांगले कान उपट आन् मग धाड कंपनीत.

आत्या


शिरूर,
१६ डिसेंबर, दुपार

आत्या,

पप्पूच्या हाती पाठवतेय. वाचलंस की त्याच्याच गाडीवर बस आणि मामांना घेऊन ये. सम्राट पिलेला नाही. काल नाही, आज नाही.

लॅबच्या दारात चौकटीला टेकून उभा होता. मी तुझं पत्र वाचत होते आणि तुझ्या सांगण्यावरून त्याला पाणीही विचारलं नव्हतं. 'पिकल्या पेरूगत' इथवर आले आणि मान वर केली. तो वास माझ्या तोंडासमोर होता, आत्या. खोल खोल श्वास घेत होता, जीभ कोरडी ठाक. बोटात सुई टोचली. मशीननं आकडा दाखवलाच नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय' लिहून आलं, म्हणजे मोजण्याच्या पलीकडं.

त्याच्या अंगात इन्शुलिन बनणं बंद झालंय. साखर रक्तात भरून वाहतेय, पण पेशींना एक कण मिळत नाही. म्हणून अंग स्वतःचीच चरबी वितळवून जाळतंय, आणि त्या जाळण्यातून रक्तात आंबट विष साठतंय. तो पेरूचा वास त्याचा. आयसीयूत घेतलंय, सलाईन आणि इन्शुलिन सुरू आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आला. कंपनीत गेला असता तर संध्याकाळपर्यंत बेशुद्ध पडला असता.

त्याला म्हणाले, आई येतेय. तर म्हणतो, "तिला सांग, मी पिलो नव्हतो." तेवढंच सारखं बोलतोय. ये लवकर.

राजश्री


राहू,
३० डिसेंबर

राजी,

पोरगं घरी आलं, चार पावलं अंगणात चालतं, स्वतःच्या हातानं सुई टोचून घेतं. तुझ्यासमोर काही बोलता आलं न्हाई. आयसीयूच्या दारात नुसती रडत बसले. कागदावर बरं पडतं.

गावातली दोन पिढ्यांची पोरं मी काट्यावर घातली. कुणाचं पावशेर कमी झालं तरी आयांना घरी जाऊन बोलायची. आन् माझं सोताचं पोर डोळ्यादेखत गळत व्हतं, तर मी पँटीला सुतळी दिली! त्याच्या तोंडाचा वास घेतला गं, तोंडाकडं बघितलं न्हाई. तू इचारलंवतंस तवा तो रातचा पाच-पाच डाव उठायचा. ठाऊक आसून मी लिवलं न्हाई. आन् वर तो रस! मीच पाजला. खरं सांग, माझ्या हातनं जायचं व्हतं का ते?

आता दुसरा पेच. त्यो चुलता निरोप धाडतोय. म्हणतो, पोरगी दुसरं स्थळ बघायला तयार न्हाई. तवा २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की विहारात या. पोरानं पाच माणसांत माफी मागावी, 'चुकलं, परत पिणार न्हाई' म्हणावं, आन् साखरपुडा उरकू.

राजी, एवढं म्हणलं की लगीन होतंय. दारू सुटती, असं समदे म्हणत्यात, लगीन झालं की पोरं सुधारत्यात. पर रोज चार सुया आन् त्यापण जन्मभर, ह्याला कोण पोरगी देणार? मामा म्हणत्यात, न्हाई, पाचवं शील मोडलं नसताना मोडलं म्हणायचं, म्हंजी चौथं मोडायचं, खोटं न बोलण्याचं. मी म्हणलं, तुमची शीलं तुमच्याजवळ, मला सून आणायचीय. ते भरल्या ताटावरनं उठले. तू सांग सम्राटला, गप माफी मागून मोकळा हो म्हणून. तुझं ऐकतो.

आत्या


शिरूर,
६ जानेवारी २०२५

आत्या,

आधी रसाचं. रसानं आगीत तेल पडलं, हे खोटं बोलणार नाही. पण आग तुझी नव्हती. ती कितीतरी आठवडे आधी लागली होती. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी त्याच्या अंगानंच मारल्या, का ते अजून मोठमोठ्यांना नीट कळलेलं नाही. तू गोड खाऊ घातलंस म्हणून नाही, की त्यानं काही चूक केली म्हणून नाही. आणि त्याला माझ्याकडं पाठवलंस तेही तूच, मग भले कान उपटायला का असेना.

सम्राटनं दोन्ही नळ्या दिल्या, बरं का. पहिली तो येतानाची, दुसरी घरी जायच्या दिवशी. पुण्याला गेल्यावर नावं जातात, नुसते नंबर राहतात, त्यामुळं त्याची कुठली ते मलाही कळणार नाही. पण आजवरच्या नळ्या बघून मॅडम म्हणाल्या, अशा पेशंटमध्ये ती 'पोट भरलं' सांगणारी जवळजवळ मुकीच असते. इन्शुलिन मिळालं की परत बोलती होते. गंजाच्या खुणाही येताना खूप, जाताना कमी. ठाम सांगायला अजून वेळ आहे. मला तर त्याच्या सात भाकरी आठवल्या. पोटात घास पडत होते आणि बास म्हणणारं कुणी नव्हतं.

विचार करकरून एक हसू आलं आणि एक रडू. मी इथं नळ्यांना कान लावून बसले होते, चरबी काय बोलते म्हणून. आणि ती भर विहारात तुझ्या लेकाच्या तोंडातून बोलली, चारचौघांना ऐकू जाईल असं. आपल्याला वाटलं दारू बोलतेय.

माफीचं. मी त्याला ते सांगणार नाही. शीलाबिलाचं मामा बघतील, मी साधा हिशेब सांगते. उद्या तो प्रवासात असेल, तापानं पडलेला असेल, सुई चुकेल. परत तोच पेरूचा वास येईल, परत झोकांड्या. आणि घरात स्वप्नाली असेल, जिला तुम्ही सांगितलंय की हा आधी प्यायचा. ती काय करेल? पदरानं नाक दाबेल आणि दार लावून झोपेल. तूही तेच केलंस, आणि तू तर आई आहेस.

लागलं असेल तर रागव मला. पण पत्र जाळू नको.

राजश्री


राहू,
२३ फेब्रुवारी

राजी,

लागलं. लई लागलं. म्हणून इतके दिवस लिवलं न्हाई. पत्र जाळलं न्हाई मातर, पिठाच्या डब्याखाली ठेवलं आन् रोज भाकरी करताना काढून वाचलं.

२६ जानेवारीला मंडळी आली. म्या सम्राटला घरनं निघताना सांगितलं व्हतं, 'तुला पायजे ते कर, मी मधी बोलणार न्हाई.' आन् तरी मनात म्हणत व्हते, मागून टाक बाबा माफी. आईचं मन, काय करू!

मामांनी शीलं सुरू केली. पयलं, दुसरं, तिसरं. चौथं म्हणून झालं आन् सम्राट थांबला. मामा पाचव्यावर गेले, तर हा बापाला मोठ्यानं म्हणतो, "आबा, थांबा. आत्ता खोटं बोलणार न्हाई म्हणलोय, तवा मंडळींना खरं सांगून घेतो." आन् सांगितलं समदं. इन्शुलिन, पेरूचा वास, आयसीयू, जन्मभराच्या सुया. कंपनीतबी सांगितलंय म्हणला.

चुलता उठला. "दारूचं चाललं असतं पावणं, हे कसं चालंल?" ऐकलंस ना? दारूचं चाललं असतं! विहारात उभा राहून!

तवा स्वप्नाली मागनं बोलली. मला ऐकू आलं न्हाई, कस्तुराबाईंनी कानात सांगितलं. तिनं इचारलं, "सुई कुठं टोचता?" हा लाजला. म्हणला, "पोटावर, चरबीत." ती म्हणली, "तुमच्या पोटावर चरबी हाय कुठं?" समद्या बाया हसल्या. मग ती चुलत्याकडं वळली. "आण्णा, मी त्या दिवशीच म्हणलं व्हतं, वास पेरूचा हाय. तुम्ही म्हणला, तुला काय कळतंय. मला पेरू कळतो." पर लगेच हो म्हणली न्हाई हं. म्हणली, "त्या शिरूरच्या ताईंना चार गोष्टी इचारते, मग सांगते."

पुढचं तुला ठाऊकच. तुझ्याकडं दोनदा आली म्हणं, वही भरून प्रश्न घेऊन. पोरं व्हतील का, त्यांना व्हईल का, चक्कर आली तर आधी साखर द्यायची का सुई. तू गोड करून काही सांगितलं न्हाईस, म्हणून तिला पटलं, असं ती मला म्हणली. माझ्या कानात, मोठ्यानं. चुलता अजून फुगलाय. पर तिच्या बापानं तारीख धरली. १२ मार्चला साखरपुडा. तू रजा टाक, ड्यूटीचं सांगू नगस.

आन् एक राहिलं. काल पोरगं जेवायला बसलं. मी ताटात तिसरी भाकरी टाकली, तर ताट मागं ओढलं आन् माझ्यावर खेकसलं, "आई, दोनच म्हणलं ना! दोन भाकरींपुरती सुई घेतलीय. पोट भरलंय माझं. तुला एकदा सांगून कळत न्हाई का?"

एवढा आवाज चढवून बोलला की मला बहिरीला पण नीट ऐकू आलं. मामा म्हणले, "बघितलंस का, आईला उलटून बोलतोय. चरबी चढली ह्याला."

मी चुलीकडं तोंड केलं आन् पोटभर रडले, राजी. चढू दे गं. लई चढू दे.

तुझी आत्या